राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल: पद्मसाठी नाव सुचवायचं असेल तर

विहीर पुनर्भरणात, म्हणजे पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडण्याच्या कामात, उभं आयुष्य घालवलेल्या आमच्या एका निवृत्त अभियंता सरांचं नाव मी पद्म पुरस्कारासाठी केंद्र सरकारच्या या पोर्टलवरून सुचवलं. कुणा पुढाऱ्याच्या दारात शिफारसपत्रासाठी ताटकळावं लागत नाही, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. नोंदणी सोपी आहे, कागद टपालानं पाठवायची गरज नाही.

अडायला होतं ते क्षेत्र निवडताना. घरच्यांचं म्हणणं, ‘सामाजिक कार्य’ टाक. मी हट्टानं ‘विज्ञान आणि अभियांत्रिकी’ निवडलं. शेतातलं गढूळ पाणी आधी टाकीत थांबवून गाळ खाली बसू द्यायचा, मग दगड, खडी, वाळूच्या थरांतून ते विहिरीत सोडायचं. त्यासाठी पाऊस किती, वाहून येणारं पाणी किती, टाकी केवढी, वाळूचा थर किती जाड, हे सगळं गणित आहे. खेड्यात केलेली अभियांत्रिकी आपण सरसकट समाजसेवेत ढकलतो, याचा मला मनापासून राग येतो.

मग कार्याची माहिती लिहायची, जास्तीत जास्त 800 शब्दांत. ‘थोर’, ‘निःस्वार्थी’ असले शब्द काढून टाका. मी पुनर्भरणाआधीची आणि नंतरची मे महिन्यातली पाणीपातळी लिहिली, कुठल्या गावात कुठली रचना टिकली ते लिहिलं. सरांना इतकी वर्षं ओळखत होते, पण काम नीट कळलं ते हे लिहिताना. अभियंत्यासाठी 800 शब्द तोकडेच पडतात, म्हणून एक तारा कमी. पाचापैकी चार.

सरकारी नोकरीत असताना पद्म मिळत नाही, पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना सूट आहे. तेव्हा सरकारी प्रयोगशाळेतल्या माणसाचं नाव बेलाशक सुचवा.

2024 पासून दिला जाणारा राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारही याच पोर्टलवर आहे. रोख रक्कम नाही, सनद आणि पदक. त्यात ‘विज्ञान टीम’ हा वेगळा विभाग आहे आणि पहिल्याच वर्षी तो चांद्रयान-3 च्या चमूला मिळाला. एकट्याचं नसलेलं काम असेल, तर हा विभाग आधी पाहा. याच पुरस्कारातलं 2025 चं ‘विज्ञान रत्न’ जयंत नारळीकरांना मिळालं, पण मरणोत्तर. त्यांना 1965 मध्येच पद्मभूषण मिळालेलं होतं. आडगावच्या अभियंत्याचं नाव मात्र आपणच सुचवायचं असतं, आणि तो हयात असताना.

पद्मची मुदत बहुधा 31 जुलैपर्यंत असते. पाणीपातळीच्या जुन्या वह्या आधीच शोधून ठेवा, त्यांनाच सगळ्यात वेळ लागतो.