रिव्हर्स पडेना तेव्हा: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सात जॉब कार्डं आणि दोन सर्व्हिस सेंटर

निकाल आधीच सांगते. आमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला एक स्टार. पुण्यातल्या सेंटरला चार. दोन्हीकडे एकाच कंपनीची पाटी आहे, एकाच रंगाचे शर्ट आहेत, कॉफीचं मशीनही सारखंच. तरी एकीकडे माझी गाडी पावणेदोन वर्षं बिघडलेलीच राहिली आणि दुसरीकडे एका फेरीत नीट झाली.

2019 मध्ये माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता क्लच दाबायची गाडी नको. म्हणून 2020 च्या दसऱ्याला आम्ही सात गिअरची ऑटोमॅटिक घेतली. मी साताऱ्यात राहते, विम्याचं काम करते, आणि दर गुरुवारी आईकडे कोथरूडला जाते. आई 84 वर्षांची आहे. ही गाडी माझ्यासाठी हौस नाही, माझे पाय आहेत.

पहिली अडीच वर्षं उत्तम गेली. मे 2023 मध्ये, साधारण 31,000 किलोमीटरला, पहिल्यांदा थरथर जाणवली. सिग्नल सुटला, पुढची गाडी हळूहळू सरकतेय, आपणही सरकतोय, आणि खालून दगडी पाटा ओढल्यासारखं हादरायचं. दुसऱ्यावरून पहिल्या गिअरला येताना झटका. थंड असताना काही नाही. खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे चढताना मात्र हमखास. पुण्याला जाताना बोगद्यातून जातो, त्यामुळे चढाचा खरा घाट परत येतानाच लागतो. म्हणजे दर गुरुवारी संध्याकाळी माझी परीक्षा.

जून 2023, पहिलं जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम लिहायचा सेंटरचा कागद: सॉफ्टवेअर अपडेट केलं. ऑगस्ट, दुसरं: ॲडाप्टेशन केलं, म्हणजे क्लच-गिअरचं सेटिंग कॉम्प्युटरने नव्याने जुळवलं. डिसेंबर, तिसरं: प्रॉब्लेम आढळला नाही, नॉर्मल आहे. या तिन्ही वेळा टेस्ट ड्राइव्ह कशी झाली ते मी पाहिलं आहे. सकाळी साडेदहाला, थंड गाडी, मोकळ्या सर्व्हिस रोडवर दोन किलोमीटर. ज्या गाडीला उष्णतेचा त्रास आहे तिला थंडीत बघून ‘नॉर्मल’ लिहिलं.

तिसऱ्या वेळी आमचे हे सोबत होते. तक्रार मी सांगत होते, गाडी माझ्या नावावर, चालवते मी, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर यांच्याकडे बघून म्हणाला, ‘सर, मॅडमना सांगा, ब्रेकवर पाय ठेवून चालवू नका. ऑटोमॅटिकची सवय व्हायला वेळ लागतो.’ मी 1994 पासून गाडी चालवते. त्या वाक्याचा राग मला आजही आहे, आणि तो लिहूनच ठेवायचा आहे, कारण अशा वाक्याने माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. मीही घेतला. दोन महिने मी प्रत्येक सिग्नलला स्वतःचा पाय तपासत होते.

नंतर कळलं की हे वाक्य फक्त माझ्याच वाट्याला आलेलं नाही. माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याने सांगितलं की तिकडे 2018 मध्ये फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या ग्राहकांशी ज्या तऱ्हेने वागले त्यासाठी. गाडी थरथरते असं सांगणाऱ्या काही ग्राहकांना ‘हे तुमच्या चालवण्यामुळे होतंय’ असं सांगितलं गेलं होतं, आणि तसल्या तक्रारी बऱ्याच जणांच्या आहेत हे कंपनीला माहीत होतं. माझी गाडी त्या कंपनीची नाही. पण गिअरबॉक्सची जात तीच: कोरडा ड्युअल क्लच.

ही जात समजून घेतली तर पुढचं सगळं समजतं. आत दोन क्लच असतात. एकावर 1, 3, 5, 7 हे गिअर, दुसऱ्यावर 2, 4, 6 आणि आमच्या गाडीत रिव्हर्सही. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून हायवेला गिअर बदललेला कळतसुद्धा नाही, आणि मायलेजही चांगलं मिळतं. पण हे क्लच तेलात बुडालेले नसतात, मॅन्युअल गाडीसारखेच कोरडे असतात. मुंगीच्या पावलाने सरकताना ते अर्धवट लागलेले राहतात, घासतात, तापतात. क्लच कोरडा असला तरी त्याला दाबणारा आणि गिअर टाकणारा भाग मात्र तेलाच्या दाबावर चालतो. त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. हे शेवटचं वाक्य मला पावणेदोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

एप्रिल 2024 मध्ये चौथ्या जॉब कार्डवर क्लच पॅक बदलला. वॉरंटीत, अकरा दिवस लागले. खरं सांगायचं तर पावसाळाभर गाडी छान चालली आणि मी फीडबॅकच्या फोनवर दहापैकी दहा दिले. ते दहा दिले नाहीत तर आमचा इन्सेंटिव्ह कापतात, असं ॲडव्हायझरने आधीच सांगितलं होतं. नोव्हेंबरात थरथर परत आली. पाचवं कार्ड: सॉफ्टवेअर.

मग मार्च 2025 चा एक गुरुवार. कोथरूडला आईच्या गल्लीत एका वेळी एकच गाडी जाते. मी आत वळले आणि समोरून पाण्याचा टँकर आला. मागे जायला रिव्हर्स टाकला. डॅशबोर्डवर पान्याचं चित्र लुकलुकायला लागलं, स्क्रीनवर आर दिसतोय, ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन नुसतं घुमतंय आणि गाडी जागची हलत नाही. बंद करून चालू केली, तेच. टँकरवाल्याने हॉर्न दाबून धरला. शेवटी किराणा दुकानातली दोन पोरं, इस्त्रीवाले काका आणि टँकरचा क्लीनर अशा चौघांनी न्यूट्रलवर ढकलून गाडी मागे घेतली, आणि आई वरून गॅलरीतून विचारत होती, ‘अगं, काय झालं?’ पुढे जायचे विषम गिअर चालत होते, म्हणून पहिल्यावर गाडी हलत होती. पण साताऱ्यापर्यंत तशी आणायची हिंमत नव्हती. रोडसाइड असिस्टन्सची फ्लॅटबेड साडेतीन तासांनी आली.

गाडी वॉरंटीच्या हिशेबासाठी आमच्या जवळच्या त्या नेहमीच्याच सेंटरला नेली. सहावं कार्ड. एस्टिमेट: मेकॅट्रॉनिक युनिट, 1 लाख 87 हजार. माझ्याकडे 2026 पर्यंतची एक्स्टेंडेड वॉरंटी होती, तरी ‘क्लेम बसणार नाही’ म्हणाले. कारण काय, तर 45,000 ची सर्व्हिस 1,100 किलोमीटर उशिरा झाली. ती उशिरा का झाली? त्या वेळी गाडी क्लच पॅकसाठी त्यांच्याच शेडमध्ये उभी होती, आणि ‘ऑइल फिल्टर स्टॉकमध्ये नाही, सर्व्हिसला पुढच्या महिन्यात या’ असं त्यांच्याच ॲडव्हायझरने मला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. तो मेसेज मी डिलीट केलेला नव्हता. दाखवला तर मॅनेजर म्हणाले, तो मुलगा आता इथे नाही.

तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. सहाही जॉब कार्डं आणि त्या मेसेजचा फोटो जोडला. आणि कंपनीच्या कस्टमर केअरला मराठीत नव्हे, मुद्दाम इंग्रजीत, तारखांसह ईमेल केला. त्यात एवढंच लिहिलं की ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी माझ्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकते, त्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि माझी तयारी आहे. धमकी म्हणून नव्हे. खरोखरच तयारी होती, फाइल लावून झाली होती. नवव्या दिवशी एरिया मॅनेजरचा फोन आला. गाडी पुण्याच्या सेंटरला हलवायला मी सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

आता चार स्टारांबद्दल.

पुण्यात पहिल्याच दिवशी फ्लोअरवरचा एक टेक्निशियन बाहेर आला. वयाने माझ्या मुलाएवढा, चिपळूणचा. आधी पूर्ण ऐकलं. मग जुनी सहा कार्डं चाळली आणि म्हणाला, ‘काकू, यात तुमची तक्रार कुठेच लिहिलेली नाही. सगळीकडे जनरल चेकअप आणि जर्क इश्यू.’ मी पहिल्यांदाच ती कार्डं त्या नजरेने वाचली. खरंच नव्हती. चढावर, ट्रॅफिकमध्ये, गाडी तापल्यावर, हे तिन्ही शब्द मी दर वेळी सांगितले होते आणि एकदाही कागदावर उतरले नव्हते. त्याने मी सांगितलं तसंच्या तसं लिहून घेतलं आणि माझ्याकडून वाचून घेतलं.

रिव्हर्स तात्पुरता परत आला होता, म्हणून संध्याकाळी सहाला, खच्चून गर्दीच्या वेळी, तो लॅपटॉप मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला. ‘तुम्ही रोज चालवता तशीच चालवा, माझ्याकडे बघू नका.’ कात्रज चौकातून आम्ही जुन्या बोगद्याच्या चढाला लागलो. क्लचच्या तापमानाचा आकडा चढत चढत 170 च्या पुढे गेला आणि त्याच वेळी खालून ती थरथर सुरू झाली. तो म्हणाला, ‘आली, मलाही जाणवली.’ हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी माझ्यासोबत ती ऐकली होती.

मग त्याने दुसरा आकडा दाखवला, तेलाच्या दाबाचा. पंप दाब भरायचा, तो टिकायचा नाही, पंप परत चालू. दाब टिकत नाही म्हणून क्लच नीट दाबला जात नव्हता, घसरत होता, जास्त तापत होता. म्हणजे एप्रिल 2024 मध्ये नवा घातलेला क्लच पॅकही त्यामुळेच खराब झाला. वर्षभर जे बदललं तो परिणाम होता, कारण तसंच आत राहिलं होतं. मेकॅट्रॉनिक आणि क्लच पॅक दोन्ही बदलले, दोन्ही एक्स्टेंडेड वॉरंटीत. मला 4,260 रुपये लागले, ते वॉरंटीत न येणाऱ्या किरकोळ सामानाचे आणि अलाइनमेंटचे. जुने भाग टेबलावर ठेवून दाखवले. क्लचची प्लेट तव्यासारखी निळी-काळी पडली होती.

पाचवा स्टार का नाही? कामाला तेवीस दिवस लागले, पार्ट बाहेरून यायचा होता, आणि तेवढे दिवस बदली गाडी दिली नाही. चार गुरुवार मी एसटीने स्वारगेटला गेले. बसच्या पायऱ्या उंच असतात, ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने त्या चढणं म्हणजे काय ते मी इथे वाढवून सांगत नाही. शिवाय फोन आपणच करावा लागतो. ते स्वतःहून कळवत नाहीत.

त्यानंतर 13,000 किलोमीटर झाले. खंबाटकी गाडी शांत चढते. गाडी अगदी थंड असताना दुसऱ्यावरून पहिल्याला येताना हलका धक्का लागतो, तेवढा राहिला आहे. चालवताना त्या मुलाने सांगितलेलं पाळते: चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक अर्धवट नाही तर पूर्ण दाबायचा म्हणजे क्लच सुटतो, आणि ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला थोडं जाऊ देऊन मगच एकदम सोडायची.

पुण्याच्या सेंटरला जाणार असाल तर शनिवार टाळा, मंगळवार-बुधवारी सकाळी नऊला पोहोचा, आणि गाडी तापल्यावरचा त्रास असेल तर संध्याकाळची टेस्ट ड्राइव्ह हवी असं बुकिंगच्या फोनवरच सांगा. सही करण्याआधी जॉब कार्डवरचा तक्रारीचा रकाना स्वतः वाचा. माझं पुढचं कार्ड 75,000 च्या सर्व्हिसचं असेल. त्यात लिहायचं वाक्य मी आत्ताच वहीत लिहून ठेवलं आहे: थंड असताना, दुसऱ्यावरून पहिल्याला, हलका धक्का.