पहिल्या भेटीत घटना न विचारणारे समुपदेशन केंद्र

नवऱ्याची मारहाण अनेक वर्षे सोसलेल्या माझ्या मैत्रिणीसोबत मी गेले सहा महिने एका समुपदेशन केंद्रात जात आहे. आत ती एकटीच बसते. पहिल्या काही भेटींत मात्र तिच्या इच्छेवरून मी शेजारी होते. हे लिहिण्यास तिची संमती आहे आणि तिची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे.

याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे दुसऱ्याच भेटीत नवऱ्याला बोलावले, दोघांना समोरासमोर बसवले आणि "थोडे तुम्हीही समजून घ्या" असे तिला ऐकवले. हिंसा चालू असताना असे एकत्र समुपदेशन धोक्याचे असते, कारण त्या खोलीत ती जे बोलेल त्याचा वचपा घरी काढला जातो. तिच्या बाबतीत तेच झाले.

या केंद्रात सुरुवातच वेगळी झाली. नाव लिहून घेण्याआधी समुपदेशक ताईंनी विचारले, "फोन कोणत्या वेळी केलेला चालेल? दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण बोलते म्हणून सांगू?" मग बसल्या जागेवरून दार दिसेल अशी तिची खुर्ची फिरवून दिली. बोलणे गोपनीय राहील हे सांगतानाच, जिवाला धोका दिसला तर काही गोष्टी इतरांना कळवाव्या लागतील, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले. घटनेचा तपशील मात्र त्यांनी विचारलाच नाही. मला ते तेव्हा खटकले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्यावर उलगडा झाला: बोलण्यासाठी दबाव न आणता लक्षपूर्वक ऐकणे हाच त्यांत प्राथमिक आधाराचा भाग मानला आहे.

तिसऱ्या भेटीत तिनेच तोंड उघडले, तेही एका प्रश्नाने. "मी ओरडले का नाही?" ताईंनी घाई न करता समजावले की पराकोटीच्या भीतीत शरीर गोठून जाऊ शकते, त्यावर माणसाचा ताबा नसतो आणि त्याचा अर्थ संमती असा कधीच होत नाही. बोलताना तिचा श्वास अडकू लागला तेव्हा त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला लावून खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तू एकेक करून सांगायला लावल्या. ती हळूहळू भानावर आली, ते मी शेजारी बसून पाहिले. सुरक्षिततेचा आराखडाही दोघींनी मिळून केला: कागदपत्रांच्या प्रती कोठे ठेवायच्या, कोणत्या शब्दावरून मी ओळखायचे की मदत हवी आहे, रात्री निघावे लागले तर कोठे जायचे. घर सोडायचे की नाही, तक्रार करायची की नाही, हे त्यांनी एकदाही सुचवले नाही, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल त्यातच आहे.

लैंगिक अत्याचारानंतर कोणी फोन केला तर घटनेला किती वेळ झाला हे इथे आधी विचारतात, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. ही सजगता मला महत्त्वाची वाटते.

उणिवाही आहेत. मधल्या काळात समुपदेशक बदलल्या आणि नव्या ताईंनी फाईल न वाचताच "काय झाले ते सांगा" म्हटले. त्या दिवशी ती अर्ध्यातून उठून आली. पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींवरही असे अत्याचार होतात, पण अर्जाचा नमुना केवळ स्त्रियांना धरूनच छापलेला आहे. शिवाय स्वागतकक्षातील नोंदवही उघडी असते, त्यामुळे सही करताना आधी येऊन गेलेल्यांची नावे सहज वाचता येतात. फाईलबद्दल बोलल्यावर त्यांनी लगेच दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या भेटीला त्या वाचून आल्या. नोंदवहीबद्दल आम्ही लेखी कळवले आहे, पण गेल्या भेटीतही ती उघडीच होती.