व्हिएतनाम की श्रीलंका : बड्या देशांमध्ये तोल सांभाळणारा देश अभ्यासायचा तर कुठला घ्यावा

माझी भाची ठाण्यात राहते, एमए पॉलिटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि डिझर्टेशनसाठी तिला असा एक विकसनशील देश निवडायचाय जो एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या बड्या देशांच्या मध्ये उभा आहे. गाईडनी दोन नावं दिली, व्हिएतनाम नाहीतर श्रीलंका, आणि शनिवारपर्यंत एक फायनल करून सांग म्हणाले. मी गेली अठरा वर्षं न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगच्या लाइनमध्ये आहे, दोन्ही देशांची कागदपत्रं हाताखालून जातात, म्हणून ती म्हणाली मामा तूच सांग. गेले दोन आठवडे आम्ही यावरच बोलतोय, एकदा तर ठाण्याहून कोपरखैरण्याला येताना ट्रेनमध्ये अख्खा प्रवास यातच गेला. आमचं काय बोलणं झालं ते इथे लिहितोय, तुम्हालाही असाच विषय निवडायचा असेल तर उपयोग होईल.

आधी नकाशा बघा. व्हिएतनामची चीनशी जवळपास १,३०० किलोमीटरची जमिनीवरची हद्द आहे, १९७९ साली चीनने तिथे सैन्य घुसवलं होतं, त्याच्या आधी अमेरिकेशी झालेलं युद्ध तर सगळ्यांना माहितीये. श्रीलंकेला जमिनीवरून चिकटलेलं कोणीच नाही, चारी बाजूंनी समुद्र, पूर्व-पश्चिम जहाजांचा सगळ्यात बिझी मार्ग दक्षिण टोकाला लागून जातो, १९५२ मध्येच त्यांनी चीनला रबर द्यायचं आणि तांदूळ घ्यायचा असा करार केला होता, आणि १९७६ ची अलिप्त राष्ट्रांची परिषद कोलंबोत भरली. म्हणजे कागदावर बघितलं तर तोल सांभाळणं श्रीलंकेला सोपं जायला हवं होतं आणि व्हिएतनामला महाकठीण, पण झालं उलटं. मला वाटतं डिझर्टेशनचा खरा प्रश्न इथेच आहे, हे उलटं का झालं.

व्हिएतनामचं एक मला फार पटतं, त्यांनी नियम स्वतःसाठी आधी लिहून ठेवलेत. २०१९ च्या त्यांच्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिकेत चार 'नाही' आहेत, कुठल्या लष्करी गटात जाणार नाही, एकाची बाजू घेऊन दुसऱ्यावर जाणार नाही, परदेशी तळ होऊ देणार नाही, आणि बळ वापरणार नाही की बळाची धमकी देणार नाही. तळाचं तर अनुभवाचं आहे, काम रान्हच्या बंदरात सोव्हिएत आणि मग रशियन नौदल होतं, ते २००२ मध्ये निघून गेलं. त्यांचे पक्षप्रमुख न्गुयेन फू चोंग याला बांबूची उपमा द्यायचे, मुळं घट्ट, खोड भक्कम, फांद्या लवचिक. आता हे नुसतं बोलणं आहे असं वाटेल, पण तारखा बघा : सप्टेंबर २०२३ मध्ये बायडन हनोईत आले आणि अमेरिकेशी संबंध एकदम सगळ्यात वरच्या दर्जावर नेले, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग आले, जून २०२४ मध्ये पुतिन आले. एकीकडे अमेरिका, दुसरीकडे तिच्याशी स्पर्धा करणारे चीन आणि रशिया, आणि तिघंही एकाच राजधानीत, वर्षाच्या आत. असं करून दाखवणारे देश फार कमी आहेत. आणि हे फक्त पाहुणचाराचं नाही, मे २०१४ मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या, दोघंही आपली म्हणतात त्या पारासेल बेटांजवळ तेल शोधणारा प्लॅटफॉर्म आणून लावला तेव्हा व्हिएतनामच्या बोटी दोन महिने तिथून हटल्या नाहीत, जुलैमध्ये चीनने तो हलवला, पण म्हणून त्यांनी बीजिंगशी बोलणं तोडलं नाही.

श्रीलंकेचं मात्र सरकार बदललं की दिशाच बदलते. तिकडे जरा जास्त थांबतो कारण हे आमच्या धंद्याला रोज लागतं, कोलंबोत होणाऱ्या ट्रान्सशिपमेंटमधला (म्हणजे एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढवल्या जाणाऱ्या मालातला) मोठा वाटा भारतातल्या मालाचा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोत येऊन थांबली, दिल्लीला ते अजिबात आवडलं नाही, जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष राजपक्षे हरले, त्यांच्या जागी सिरिसेना आले, आणि मे २०१७ मध्ये त्याच देशाने चिनी पाणबुडीला नाही म्हटलं, पण त्याच वर्षी दक्षिण किनाऱ्यावरचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला १.१२ अब्ज डॉलरला लीजवर दिलं. मग २०१९ मध्ये कोलंबो बंदरातल्या ईस्ट कंटेनर टर्मिनलसाठी भारत आणि जपानशी करार, फेब्रुवारी २०२१ मध्ये तो रद्द, त्याच्या बदल्यात वेस्ट टर्मिनल अदानींना आणि तिथल्याच एका कंपनीला, ते एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये युआन वांग ५ हे उपग्रहांवर नजर ठेवणारं चिनी जहाज आधी नको म्हणून सांगितलं आणि मग येऊ दिलं. लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो ना, तसं, फक्त इथे तळ्यात म्हणणारा वेगळा आणि मळ्यात म्हणणारा वेगळा, आणि उड्या मारून दमणारा देश.

इथे एक गोष्ट मी भाचीला अगदी जोर देऊन सांगितली, की 'चीनने कर्जाच्या जाळ्यात ओढून बंदर घेतलं' एवढं एकच वाक्य लिहून चॅप्टर संपवू नकोस. हंबनटोटाचे जे पैसे आले ते त्या बंदराचं कर्ज फेडायला गेले नाहीत, ते देशाच्या परकीय गंगाजळीत गेले, कारण त्या वेळी डॉलरची चणचण होती, आणि श्रीलंकेवरच्या परकीय कर्जात सगळ्यात मोठा तुकडा चीनचा नव्हता, बाजारात विकलेल्या बाँडचा होता. त्यावर २०१९ मधली करकपात, कोविडने पर्यटन बसलं, मे २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी, हे सगळं येऊन पडलं. २०१९ च्या शेवटी गंगाजळीत ७.६ अब्ज डॉलर होते, एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्ज फेडणं थांबवतोय असं जाहीर करावं लागलं. तेव्हा आमच्या पार्ट्या रोज फोन करायच्या, कोलंबोवरून जाणारा माल अडकेल का म्हणून, आणि टीव्हीवर पेट्रोलसाठी रांगेत उभी माणसं दिसायची, मला खरंच वाईट वाटायचं, कारण ज्यांना शिपिंग बिलच्या (निर्यातीच्या कस्टम्स कागदाच्या) कामासाठी फोन करायचो तीच माणसं त्या रांगेत होती. भारताने त्या वर्षी साधारण ४ अब्ज डॉलरची मदत केली, आणि मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीचा सुमारे ३ अब्जांचा कार्यक्रम मिळाला. खिशात डॉलर नसले की कोणालाच नाही म्हणता येत नाही, चीनला नाही, आपल्याला नाही आणि नाणेनिधीला तर नाहीच. परराष्ट्र धोरण तिथे अर्थखात्यात संपतं.

मग व्हिएतनामचा खिसा भक्कम आहे का? बराचसा. १९८६ पासून दोई मोई म्हणजे बाजार खुला करणाऱ्या सुधारणा, मग जानेवारी २०१९ पासून सीपीटीपीपी हा पॅसिफिकभोवतीच्या देशांचा व्यापार करार, २०२० मध्ये युरोपियन युनियनशी करार, २०२२ मध्ये आरसेप हा चीनसह आशियाई देशांचा व्यापार करार, म्हणजे माल विकायला दारं बरीच. पण त्यातही एक मोठी कच्ची बाजू आहे, विकायचं सगळ्यात जास्त अमेरिकेला आणि कच्चा माल, पार्ट सगळ्यात जास्त चीनकडून. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ४६ टक्के टॅरिफ जाहीर केलं आणि त्याच महिन्यात शी जिनपिंग पुन्हा हनोईत. नंतर ते २० टक्क्यांवर आलं, पण दुसऱ्या देशाचा माल व्हिएतनामवरून वळवला असेल तर ४० टक्के, असं २०२५ मध्ये ठरलं. आमच्या लाइनमधल्या माणसाला लगेच कळतं की सगळी मारामारी आता सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल कुठे तयार झाला त्याच्या दाखल्यावर येणार, कुठल्या मालात किती टक्के काम खरंच व्हिएतनाममध्ये झालं हे ठरवायचं कसं. बांबूची फांदी किती वाकते ते इथे कळेल.

भारताचा उल्लेख करावाच लागेल, गाईड विचारणारच. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर क्वाडमध्येही आपण, चीन-रशियाबरोबर शांघाय सहकार्य संघटनेतही आपण, २०१८ मध्ये रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घ्यायचा करार केला, २०२२ नंतर रशियन तेल घेतलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्यावर एकूण ५० टक्के टॅरिफ लावलं. पण आपल्यासारख्या मोठ्या देशाला जे झेपतं ते २ कोटींच्या देशाला झेपेलच असं नाही, त्यामुळे भारत हा फक्त एक परिच्छेद ठेव म्हटलं.

आता निवड. नुसतं 'तोल कसा सांभाळावा' हे शिकायचं असेल तर व्हिएतनाम, यात मला शंका नाही. पण सहा महिन्यांत, ठाण्यात बसून, इंग्रजी आणि मराठी एवढ्याच भाषांवर डिझर्टेशन लिहायचं असेल तर मी श्रीलंका म्हणेन. हनोईत निर्णय पक्षाच्या बंद खोलीत होतो, कोणी कोणाला विरोध केला ते बाहेर येत नाही, तुम्हाला फक्त निकाल दिसतो आणि मग तुम्ही अंदाजच लिहीत बसता. कोलंबोत संसदेतली भांडणं आहेत, इंग्रजी पेपर आहेत, सेंट्रल बँकेचे वार्षिक अहवाल आहेत, युनियनवाले ईस्ट टर्मिनलच्या विरोधात का गेले ते त्यांच्याच तोंडून वाचता येतं. शिवाय तिथे आपण स्वतः बड्या देशाच्या भूमिकेत आहोत, आपल्याच शेजाऱ्याला आपण कसे दिसतो हे मराठी मुलांनी वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं. व्हिएतनामी भाषा येत असेल किंवा व्यापाराच्या आकड्यांवरच काम करायचं असेल तर मात्र उलट करा.

भाचीने श्रीलंका घ्यायचं ठरवलंय, २०१४ ची पाणबुडी ते एप्रिल २०२५ चं वेस्ट टर्मिनल एवढा काळ, आणि व्हिएतनामच्या चार 'नाही' एका चॅप्टरमध्ये, श्रीलंकेने त्यातला कुठला नियम कधी मोडला ते बघायला. या रविवारी मी तिला उरण लाइनने द्रोणागिरीला नेतोय, कोलंबोवरून जाणाऱ्या कंटेनरचे कागद कसे असतात ते प्रत्यक्ष दाखवायला.