मायक्रोनीडल, अल्ट्रासाऊंड का करंट? प्रोजेक्टसाठी जोडी ठरवायलेल्यांसाठी

परवा मावसभावाचा नांदेडहून फोन आला, एम.फार्मला आहे, प्रोजेक्ट ठरवायलाय. म्हणला दादा, कातडीतून औषध आत घालायच्या दोन पद्धती जोडायच्यात, कोणत्या घेऊ? त्याला जे सांगितलं तेच इथं टाकायलोय, अजून कुणाला लागलं तर.

अडचण सगळी वरच्या मेलेल्या पेशींच्या थराची, स्ट्रॅटम कॉर्नियमची. जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन पण साधारण ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) वरच्या औषधाला तो दाद देत नाही, म्हणून तर निकोटिनचा पॅच मिळतोय आणि इन्सुलिनचा नाही, ते पडलं ५८०० च्या आसपास.

माझं म्हणणं एवढंच की जोडीतल्या दोघांचं काम वेगळं पाहिजे. मायक्रोनीडल म्हणजे अगदी बारीक सुया, त्या भोकं पाडतात, आयोंटोफोरेसिसचा हलका करंट औषध आत ढकलतो, ही जोडी जमती. मायक्रोनीडल आणि लेझर दोन्ही भोकंच पाडणार, मग दोघं कशाला?

अल्ट्रासाऊंड आणि करंट हीपण चांगली जोडी, कारण अल्ट्रासाऊंडनं कातडीचा रोध कमी होतो आणि तेवढाच करंट कमी व्होल्टेजवर जातो. पण फिजिओथेरपीवाल्याचं मशीन मागून आणू नको, ते १ नाहीतर ३ मेगाहर्ट्झचं असतंय, बुडबुडे फुटून थर सैल व्हायचं काम २० किलोहर्ट्झच्या आसपास जोरात होतंय. त्यात प्रोब तापतो, तापमान लिहून ठेवलं नाही तर परीक्षक म्हणणार हे अल्ट्रासाऊंडनं नाही, उष्णतेनं झालं, आणि त्यांचं चुकत पण नाही. इलेक्ट्रोपोरेशनला, म्हणजे विजेच्या झटक्यानं थरात भोकं पाडायला, शंभराच्या वर व्होल्ट, मिलिसेकंदांचे झटके, मशीन महाग. कॉलेजात नसंल तर सोड.

म्हणून त्याला मायक्रोनीडल आणि करंटच घे म्हणलं. डर्मारोलर, म्हणजे बारीक सुया लावलेला रोलर, ऑनलाइन स्वस्तात येतंय, करंट मात्र स्थिर देणारा सोर्स पाहिजे, चौरस सेंटिमीटरला ०.५ मिलिअँपिअरच्या वर जायचं नाही. आधी रोलर, मग करंट. औषध भार असलेलं घे, लिडोकेन हायड्रोक्लोराइड धन भाराचं म्हणून ॲनोडखाली (धन इलेक्ट्रोड), डायक्लोफिनॅक सोडियम ऋण म्हणून कॅथोडखाली (ऋण इलेक्ट्रोड), सारखा भार सारख्याला ढकलतो. इलेक्ट्रोड चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे, प्लॅटिनम लावलं तर पीएच हलतो. आणि बफरमध्ये, म्हणजे औषध ज्या द्रावणात आहे त्यात, मीठ ढिगानं टाकू नको, सोडियमच करंट वाहून नेतंय आन लिडोकेन बसतंय मागं.

ग्रुप चार ठेव, काहीच नाही, नुसता रोलर, नुसता करंट, दोन्ही. दोन्हीचा फायदा सुट्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त निघाला तरच सिनर्जी म्हणायचं, नाहीतर ती नुसती बेरीजच आहे. अजून एक, कापलेली कातडी भरून येत नाही, जिवंत माणसात उघडी ठेवलेली भोकं काही तासांत मिटत जातात, म्हणून फ्रांझ सेलमधले (कापलेली कातडी मधे बसवून पलीकडं किती औषध गेलं ते मोजायचं काचेचं भांडं) आकडे जरा गोडच दिसतात, हे थिसिसमध्ये आपणहूनच लिहून टाकायचं. चोवीस तासांचा रन लावायच्या आधी इन्व्हर्टर बघून घे, लाईट गेली की करंट पण गेला आणि वॉटरबाथ पण.

कातडीला डुकराचे कान चालतात, माणसाच्या बरेच जवळचे, पण गरम पाण्यात घातलेले नको, त्यात वरचा थरच खराब होतो. खाटकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं.