उशाशी राहिलेली कादंबरी: ‘ऑफ लव्ह अँड अदर डिमन्स’

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची 1994 सालची ही कादंबरी एडिथ ग्रॉसमन यांच्या इंग्रजी अनुवादात मी पावसाळ्याच्या तोंडावर हाती घेतली आणि चतुर्थी, दिवाळी होऊन गेली तरी ती उशाशीच आहे. ती शोकांत प्रेमकथा म्हणून ओळखली जाते. मला मात्र ती एका मुलीकडे कोणीच नीट न पाहिल्याची कथा वाटते.

स्पॅनिश अमलाखालच्या, आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेना बंदरात बारा वर्षांच्या सिएर्वा मारियाला पिसाळलेला कुत्रा चावतो. ती मार्किसची, म्हणजे एका सरदाराची मुलगी, पण गुलामांच्या आवारात वाढलेली; त्यांच्या भाषा बोलणारी, त्यांच्या देवतांच्या माळा गळ्यात घालणारी. रोगाचे लक्षण दिसत नसतानाही तिच्यावर नाना अघोरी उपचार होतात, त्या वेदनांनी ती तडफडू लागते आणि ती तडफड हाच सैतानाच्या संचाराचा पुरावा मानून तिला सांता क्लारा मठात कोंडतात. मठात काही विपरीत घडले की त्याचे खापर तिच्यावर फुटते आणि त्याची रीतसर नोंदही होते. अंधश्रद्धा अशी दप्तरी दाखल होत जाते, ती पाने मी सर्वांत जास्त वेळा वाचली.

छळाला कंटाळून मायदेश सोडलेला पोर्तुगीज ज्यू वैद्य अब्रेनुन्सिओ हे यातले सर्वांत शहाणे पात्र. त्याच्याविषयी वाचताना गोमंतकीयाला गार्सिया द ओर्ता आठवल्यावाचून राहणार नाही. ज्यू वंशाच्या या वैद्याने 1563 साली गोव्यात औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ छापला; मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. आज पणजीतल्या बागेला त्याचे नाव आहे.

मुलीला पछाडणारे भूत उतरवण्यासाठी नेमलेला छत्तीस वर्षांचा पाद्री देलाउरा तिच्या प्रेमात पडतो. तिची वागणूक ही सैतानाची करणी नसून गुलामांकडून उचललेल्या चालीरीती आहेत, हे ओळखणारा हाच माणूस; म्हणूनच त्याचे पुढचे वागणे अधिक खुपते. भाषा कितीही मोहक असली तरी कोठडीत कोंडलेल्या पोरीवरच्या या ओढीला प्रेम म्हणायला माझे मन धजत नाही, आणि लेखकाने हा प्रश्न पुरेसा टोकदार केलेला नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. आई बेर्नार्दाच्या व्यसनांची प्रकरणेही रेंगाळतात.

तरीही ती जरूर वाचावी, फक्त प्रस्तावना वगळू नये: 1949 साली मठातली थडगी उकरताना सापडलेल्या, या कादंबरीला निमित्त ठरलेल्या बावीस मीटर अकरा सेंटीमीटर केसांची हकिकत तिथेच आहे.