‘कपॅसिटर बदललेत’ म्हणाला आणि मी 19,750 रुपये घालवले

हिशेब आधी सांगतो. कमोडोर 64 या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचे 16,500, ‘पॉवर सप्लाय सर्व्हिसिंग’चे 2,800, कुरियरचे 450. एकूण 19,750, यूपीआयने, एका दमात. मी नवखा नाही हो. 1991 चा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, नात्यातले निम्मे इन्व्हर्टर मीच उघडलेत. पण 1986 साली मामाने मस्कतहून आणलेलं हेच मशीन डोळ्यांपुढे आलं आणि अक्कल गहाण पडली.

विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला. टेबलावर उलटा ठेवलेला पॉवर सप्लायचा, म्हणजे मशीनला वीज देणारा ठोकळा, मल्टिमीटरवर 5.02 व्होल्ट, मशीनला 5 च लागतात. "सर, आतले सगळे कपॅसिटर नवीन टाकलेत." कपॅसिटर म्हणजे वीज साठवून ती सपाट करणारे सुटे भाग. मी व्हिडिओ थांबवून झूम केला. तळाला काळं, गुळगुळीत इपॉक्सी, म्हणजे दगडासारखी घट्ट झालेली राळ, काठोकाठ भरलेली, एक ओरखडा नाही. आणि मी गाढव खूश! म्हटलं, वा, कोणी हात लावलेला नाही, ओरिजिनल आहे. अरे, हात लावलेला नाही तर कपॅसिटर बदलले कुठून? ते इपॉक्सी फोडल्याशिवाय आत सुई जात नाही. हे मला माहीत होतं, त्याचाच जास्त संताप येतो.

मशीन आलं, लावलं. निळा पडदा, ‘38911 बेसिक बाइट्स फ्री’. बायकोला हाक मारून दाखवलं. पंचवीस मिनिटांत पडदा काळा. मग ठोकळ्याला मशीनऐवजी ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब लोड म्हणून, म्हणजे करंट खेचायला, जोडून मोजलं. ठोकळा गार असताना 5.02, तापल्यावर 7.4! व्होल्टेज 5 वर धरून ठेवणारा आतला रेग्युलेटर गेलेला. रॅमच्या चिपांवर बोट ठेववेना. फ्यूज मात्र शाबूत, कारण तो करंट बघतो, व्होल्टेज नाही. बिनलोडच्या आकड्याला कवडीची किंमत नसते, व्हिडिओ मागाल तर लोड लावून, अर्धा तास चालवून मागा.

त्याने फोन उचलणं बंद केलं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीच्या हेल्पलाइनवर, "तो दुकानदार नाही, व्यक्ती आहे, आमच्यात बसत नाही." पोलीस चौकीत दीड तास बाकावर. साहेब म्हणाले, "चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर म्हणजे भंगारच ना? वस्तू तर मिळाली तुम्हाला." इपॉक्सी समजावायला लागलो तर त्यांनी चहा मागवला, स्वतःपुरता. सायबरवाल्यांनी पुन्हा चौकीतच पाठवलं. अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. दुसऱ्या दिवशी या! गेलो. शिक्का होता, शिक्का मारणारा रजेवर.

मूळ ठोकळा कितीही सुंदर दिसो, मशीनला लावू नका. नवा सप्लाय घ्या, नाहीतर मध्ये ओव्हरव्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज वाढलं की वीज तोडणारं सर्किट, बसवा. पैसे निम्मेच आधी द्या. ‘सर’ जास्त म्हणणाऱ्याला तेवढेही नकोत.

जळलेल्या रॅमच्या जागी 4164 नंबरच्या आठ नव्या चिपा, 180 रुपयांनी 1,440 आणखी गेले. जुन्या चिपांना सॉकेट नाहीत, 128 पायांचं सोल्डर वितळवून त्या सोडवायच्यात. पाच चिपा निघाल्या, तीन राहिल्यात.