नॉर्मंडीची स्वारी फसली असती तर? 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' कुठवर साथ देतो

जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्त राष्ट्रांना किनाऱ्यावरूनच माघारी फिरावे लागले, तर जर्मनीने पुढे काय करायचे? हा प्रश्न नकाशावर खेळून तपासायचा असेल तर पॅराडॉक्स कंपनीचा 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' हा दुसऱ्या महायुद्धाचा संगणक-खेळ घ्यावा. २०१६ साली ६ जूनलाच, म्हणजे स्वारीच्या तारखेलाच, तो बाजारात आला. रेल्वे आणि इंधन या दोन बाबतींत तो उत्तम आहे, राजकारणात मात्र फार तोकडा.

पहिली अडचण मांडणीची. खेळ १९३६ किंवा १९३९ पासूनच सुरू होतो, १९४४ ची तयार सुरुवात नाही. त्यामुळे १९३९ निवडा, ऐतिहासिक फोकस (संगणकाचे देश इतिहासाच्या वाटेने जावेत अशी सेटिंग) चालू ठेवा आणि आयर्नमॅन हा कडक मोड बंद करा, नाहीतर कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडणार नाही. कन्सोलमध्ये 'ऑब्झर्व्ह' देऊन काळ पुढे जाऊ द्या, मग 'टॅग जीईआर' देऊन जर्मनी हाती घ्या. वर्षातून दोनदा तरी सेव्ह ठेवा, कारण १९४४ येईपर्यंत पूर्व आघाडी इतिहासापासून पार भरकटलेली असू शकते. तसे झाले तर जुन्या सेव्हवरून पुन्हा चालवण्याला पर्याय नाही.

आता मुख्य डाव. पश्चिमेतल्या डिव्हिजन पूर्वेकडे हलवायच्या, हे सगळ्यांना आधी सुचते. पण फ्रान्समधल्या बऱ्याच पायदळ डिव्हिजन एका जागी बसून किनारा राखण्यासाठीच उभारलेल्या होत्या, त्यांच्याकडे वाहने जवळजवळ नव्हती. खरोखर हलवता येण्याजोग्या पँझर (रणगाड्यांच्या) आणि पँझरग्रेनेडियर (वाहनांवरच्या पायदळाच्या) डिव्हिजन सुमारे १०, आणि त्यातल्याही कित्येक नव्याने भरती होत होत्या. शिवाय वेळ! २री एसएस पँझर कोअर पूर्वेकडून नॉर्मंडीला नेण्याचा हुकूम १२ जूनचा, आणि तिचा हल्ला सुरू झाला जूनच्या अगदी अखेरीस. उलट्या दिशेला तेवढाच वेळ धरा. २२ जूनला बाग्रातिओन ही बेलारूसमधली सोव्हिएत चढाई सुरू होते, ३ जुलैला मिन्स्क जर्मनांच्या हातून जाते. म्हणजे गाड्या पोहोचेपर्यंत मधली आघाडी तुटलेली असते. त्यात जर्मनांना मोठा हल्ला उत्तर युक्रेनमध्ये अपेक्षित होता, तेव्हा ही कुमक बहुधा तिकडेच गेली असती.

खेळात हे हलवणे 'स्ट्रॅटेजिक रिडिप्लॉयमेंट' या रेल्वेने नेण्याच्या आदेशाने होते. नेहमीची चूक म्हणजे थेट आघाडीच्या प्रांतात उतरवणे. प्रवासातल्या तुकडीचे ऑर्गनायझेशन, म्हणजे लढत टिकून राहण्याची क्षमता, तळाला असते आणि ती पहिल्याच धडकेत मागे हटते. एकदोन प्रांत मागे उतरवा आणि ऑर्गनायझेशनची पट्टी भरू द्या. त्याआधी पुरवठ्याचा नकाशा पाहा: वाटेतला सर्वांत कमी पातळीचा रेल्वेचा तुकडा जेवढे पेलतो तेवढाच माल पुढच्या हबला (पुरवठा-केंद्राला) मिळतो. मध्ये एक पातळीचा दुवा राहिला तर दोन्ही टोकांच्या पाच पातळीच्या मार्गाचा उपयोग शून्य.

किनाऱ्याच्या बचावात रोमेल आणि गेयर फॉन श्वेपेनबुर्ग या जर्मन सेनानींचा जुना वाद खेळात जसाच्या तसा उभा राहतो: रोमेलला पँझर किनाऱ्याजवळ हवे होते, गेयरला मागे राखीव. पायदळाला 'एरिया डिफेन्स' हा ठरावीक भाग राखण्याचा आदेश देऊन बंदरे निवडा. पँझर मात्र त्या आदेशात घालू नका, नाहीतर ते किनाराभर विखुरतील. ते मागे ठेवायचे की जवळ, हे आकाशावर ठरते. शत्रूचे हवाई वर्चस्व असेल तर तुकड्यांचा वेग आणि बचाव दोन्ही घटतात, मागचा राखीव साठा उशिरा पोहोचतो आणि रोमेल बरोबर ठरतो. विमानवेधी सपोर्ट कंपनीने हा फटका कमी होतो, म्हणून ती प्रत्येक पँझर टेम्प्लेटमध्ये (डिव्हिजनच्या रचनेत) हवीच.

इंधनाचा भाग सर्वांत अस्सल. १२ मे १९४४ ला लॉयना इथल्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. विमान-इंधनाचे उत्पादन एप्रिलमध्ये सुमारे १,७५,००० टन होते, ते जूनमध्ये ५५,००० च्या आसपास आले. स्वारी फसली म्हणून हे बॉम्बहल्ले थांबले नसते. खेळातही सिंथेटिक रिफायनऱ्या बॉम्बफेकीत बसतात आणि साठा संपला की पँझर रांगू लागतात. म्हणून विजयानंतरचे पहिले उत्पादन लढाऊ विमानांचे असावे, टँकचे नव्हे. दुसरे काम रुमेनियाचे तेल राखणे. प्रत्यक्षात २३ ऑगस्टला रुमेनिया जर्मनीच्या विरोधात फिरला, आणि त्याचे कारण पूर्वेकडे होते, नॉर्मंडीत नव्हे.

उणिवाही ठळक आहेत. भरती-ओहोटी आणि चांदणे खेळात नाहीत. प्रत्यक्षात पुढची योग्य ओहोटी दोन आठवड्यांनी होती, आणि तेव्हाच १९ जूनचे वादळ आले. खेळात एआय, म्हणजे संगणकाचा प्रतिस्पर्धी, कधीही उतरू शकतो. पश्चिमेशी वेगळा तह करण्याची वाटच ठेवलेली नाही. युद्ध शरणागतीपर्यंतच चालते.

इंधन आणि रेल्वे-पुरवठा दोन्ही मूळ खेळातच आहेत, तेवढ्यावर हा डाव पूर्ण खेळता येतो.